सीपॅपच्या ह्युमिडिफायरमध्ये कोणते पाणी घालावे : घरी यंत्र वापरणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, डॉक्टर सीपॅप, म्हणजे मास्कवाटे दाबाने हवा देणारे यंत्र, सुचवतात तेव्हा मास्क कसा बांधावा, हवेचा दाब किती ठेवावा, यंत्रातील नोंदी कशा वाचाव्यात याची बरीच माहिती दिली जाते. हवा ओलसर करण्यासाठी यंत्राच्या बाजूला बसणाऱ्या पारदर्शक डबीत, म्हणजे ह्युमिडिफायरमध्ये, कोणते पाणी घालायचे याविषयी मात्र बहुधा ‘डिस्टिल्ड वॉटर वापरा’ एवढे एकच वाक्य वाट्याला येते. वाक्य बरोबर आहे, परंतु दुकानाच्या दारात उभे राहिल्यावर ते अपुरे पडते. बॅटरीच्या दुकानातील कॅनवर ‘डिस्टिल्ड वॉटर’ लिहिलेले असते ते हेच का, घरात आरओ असताना वेगळे पाणी कशाला आणायचे, उकळून गार केलेले पाणी का चालू नये, असे प्रश्न प्रत्येक घरात पडतात आणि प्रत्येक जण आपापल्या समजुतीने त्यांची उत्तरे शोधतो.

माझे वडील गेली काही वर्षे हे यंत्र वापरत आहेत. आमची सोसायटी पुण्याच्या कडेला असून उन्हाळ्यात ती टँकरवर आणि बोअरच्या पाण्यावर चालते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नळाचे पाणी घातले आणि दोन महिन्यांत डबीच्या तळाशी पांढरा, खरखरीत थर बसला. त्यानंतर दुकानदाराने ‘हेच डिस्टिल्ड’ म्हणून दिलेला कॅन आणला, तो बॅटरीत घालायच्या पाण्याचा निघाला. या दोन चुकांनंतर हा विषय मी मुळापासून समजून घेतला, आणि जे हाती लागले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे पायरीपायरीने लिहीत आहे. वैद्यकीय निर्णय आपल्या डॉक्टरांचाच असतो आणि आपल्या यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी, हे आरंभीच सांगून ठेवतो.

आधी डबीत काय घडते ते पाहू

सीपॅपची पाण्याची डबी एका तापणाऱ्या पट्टीवर बसते. पट्टीमुळे पाणी कोमट होते, उकळत नाही. यंत्रातून येणारी हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहते, तेथील वाफ सोबत घेते आणि नळीतून मास्ककडे जाते. पाण्याचे थेंब उडवणारे हे यंत्र नव्हे. खोलीत धुके सोडणारे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत फेकतात आणि त्या थेंबांबरोबर क्षारही उडतात, म्हणूनच अशा उपकरणाजवळच्या फर्निचरवर पांढरी भुकटी जमते. सीपॅपच्या डबीतून वर जाते ती नुसती वाफ, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. ‘नळाचे पाणी घातले तर क्षार फुप्फुसात जातील’ अशी जी भीती घातली जाते, ती या रचनेला तितकीशी लागू पडत नाही.

मग अडचण कोठे आहे? ती दोन ठिकाणी आहे. पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले सारे मागे राहते, ही पहिली. कोमट, बंद डबीत साचलेल्या पाण्यात जंतूंना वाढायला अनुकूल जागा मिळते, ही दुसरी. क्षारांचा त्रास मुख्यतः यंत्राला होतो, जंतूंचा माणसाला. या दोन अडचणी वेगळ्या आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि पाण्याविषयीचे बहुतेक गैरसमज एकीचा उपाय दुसरीवर चालेल असे मानल्यामुळे झालेले आहेत. म्हणून कोणतेही पाणी समोर आले की त्याला दोन प्रश्न विचारावेत : हे उडून गेल्यावर मागे काय उरेल, आणि हे साचून राहिले तर आत काय वाढेल?

वाफेबरोबर जंतू सहसा जात नाहीत हे खरे, पण डबी हिंदकळली, ती खुणेच्या वर भरली किंवा यंत्र डोक्यापेक्षा उंचावर ठेवले, तर पाणी नळीत शिरू शकते आणि मग प्रश्न वाफेचा राहत नाही. शिवाय तळाशी बसलेला क्षारांचा खडबडीत थर जंतूंना चिकटून राहायला आधार देतो आणि घासूनही तो पूर्ण स्वच्छ होत नाही. अशा रीतीने पहिली अडचण पुढे दुसरीला हातभार लावते.

पहिली पायरी : आपल्या घरचे पाणी कसे आहे ते मोजा

पेनासारखा दिसणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून अंदाजाने दाखवतो. आकडा पीपीएममध्ये, म्हणजे सुमारे दर लिटरमागे इतके मिलिग्रॅम असा वाचायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. पिण्यासाठी ठरलेली ही मर्यादा डबीसाठी उपयोगाची नाही, कारण पिताना पाणी क्षारांसकट पोटात जाते, तर डबीत क्षार साठत जातात.

हिशेब करून पाहू. एका रात्रीत २०० मिलिलिटर पाणी उडाले आणि पाण्याचा टीडीएस ७०० असला, तर १४० मिलिग्रॅम क्षार मागे उरतात. उरलेले पाणी न फेकता रोज त्यातच भर घालत राहिलो तर महिनाभरात ४.२ ग्रॅम, म्हणजे जवळपास चहाचा एक चमचा भरेल इतका साका डबीत जमतो. तेच पाणी आरओचे, ५० टीडीएसचे असेल, तर रात्रीला १० मिलिग्रॅम आणि महिन्याला ०.३ ग्रॅम. डिस्टिल्ड पाण्यात हा आकडा नगण्य असतो. हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आला की ‘पिण्याला चालते मग मशीनला का नाही’ हा प्रश्न उरत नाही.

महाराष्ट्रात पाण्याचा स्वभाव तालुक्यागणिक बदलतो. भातसा, वैतरणा आणि तानसा या धरण-तलावांतून मुंबईला येणारे पाणी पावसाचे, साठवलेले आणि मृदू असते. पुण्यात खडकवासल्याचे पाणी असेच हलके असते, परंतु शहराच्या कडेच्या ज्या वस्त्या बोअरवर आणि टँकरवर आहेत तेथे बसाल्ट खडकातून आलेले जड पाणी मिळते आणि गिझरची कॉइल पांढरी पडते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर भूजलच खारट आहे. तेथे नळाचे किंवा विहिरीचे पाणी डबीत घालण्याचा विचारही करू नये. आपल्या गावचे पाणी कसे आहे हे ओळखायची सोपी खूण घरातच असते : चहाच्या भांड्याच्या कडेला, नळाच्या तोंडाशी किंवा बादलीला पांढरे पापुद्रे धरत असतील तर पाणी जड आहे.

मात्र टीडीएस मीटर जंतू मोजत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. आकडा शून्याजवळ असलेले पाणीही दूषित असू शकते. नळाच्या पाण्यात निदान थोडा क्लोरिन शिल्लक असतो, तर डिस्टिल्ड पाण्यात तोही नसतो. म्हणजे अतिशुद्ध पाण्यात एकदा जंतू शिरले की त्यांना अडवणारे त्यात काहीच नसते. शुद्ध पाणी स्वतःची राखण करू शकत नाही. ती आपल्याला करावी लागते.

दुसरी पायरी : पाणी निवडा

सर्वांत चांगला पर्याय म्हणजे बंद बाटलीतील, सीलबंद डिस्टिल्ड पाणी. ऊर्ध्वपातनात पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड केली जाते, त्यामुळे क्षारही मागे राहतात आणि जंतूही. डबीत जे घडते तेच येथे आधी घडवून आणलेले असते. साधारण औषधाच्या दुकानात हे पाणी नेहमी असेलच असे नाही. शस्त्रक्रियेचे आणि दवाखान्याचे साहित्य विकणारी दुकाने, म्हणजे ज्यांना आपण सर्जिकलची दुकाने म्हणतो ती, आणि प्रयोगशाळांना माल पुरवणारे विक्रेते यांच्याकडे ते हमखास मिळते, कारण दंतवैद्यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे साधने वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, हेच पाणी लागते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या आणि पुण्यात सदाशिव पेठेच्या परिसरात अशी दुकाने आहेत. लहान गावात असाल तर आपल्या दंतवैद्यांना ते हे पाणी कोठून आणतात एवढे विचारावे. आम्हाला पत्ता तसाच मिळाला.

बाटली घेताना लेबल शांतपणे वाचावे. त्यावर उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि वापराचा उद्देश असावा. ‘बॅटरीसाठी’, ‘इन्व्हर्टरसाठी’ किंवा ‘फक्त औद्योगिक वापरासाठी’ असे लिहिले असेल तर ती बाटली परत ठेवावी.

बॅटरीच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे वेगळे भारतीय मानक आहे आणि त्याची काळजी बॅटरीच्या पट्ट्यांना अपाय होऊ नये एवढीच असते. ‘डिस्टिल्ड’ या नावाने विकले जाणारे हे पाणी पुष्कळदा ऊर्ध्वपातित नसतेच. ते रेझिनमधून गाळून क्षार काढलेले, म्हणजे डीएम पाणी असते. रेझिन क्षार ओढून घेते, जंतू मारत नाही, आणि निगा राखली नाही तर रेझिनच्या थरातच जंतू वाढतात. कॅन खाण्यापिण्याच्या दर्जाचा असेल याचीही खात्री नाही. त्याहून मोठा धोका असा की याच दुकानांत बॅटरीचे ॲसिडही विकले जाते आणि कॅन एकसारखे दिसतात. श्वासाशी निगडित यंत्रात अशा दुकानातले सुटे पाणी घालू नये, हे माझे ठाम मत आहे. चुकून एखादी रात्र असे पाणी वापरले गेले असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पाणी फेकावे, डबी साबणाच्या पाण्याने धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी, आणि घसा चुरचुरणे किंवा खोकला जाणवला तर डॉक्टरांना सांगावे.

दुसरा उत्तम पर्याय म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक पाणी. इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या लहान कुप्या रोजच्या वापराला महाग आणि गैरसोयीच्या पडतात, पण जखम किंवा पोकळी धुण्यासाठीचे निर्जंतुक पाणी, ज्याच्या लेबलवर ‘स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन’ असे लिहिलेले असते, ते अर्ध्या किंवा एक लिटरच्या बाटलीत मिळते. हे पाणी क्षारमुक्तही असते आणि निर्जंतुकही. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या, फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांनी आपल्याला असेच पाणी हवे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे टांगायच्या कोणत्याही बाटलीला ‘सलाईन’ म्हणण्याची सवय आहे, त्यामुळे दुकानात ‘सलाईनचे पाणी द्या’ असे मागितले जाते आणि दुकानदार नॉर्मल सलाईन देतो. नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ. २०० मिलिलिटर उडाले की एका रात्रीत १.८ ग्रॅम मीठ डबीत उरते आणि डबीच्या धातूच्या तळाला गंज धरू लागतो. डेक्स्ट्रोजची बाटली तर साखरेची असते, म्हणजे जंतूंना आयते अन्न. लेबलवर ‘वॉटर’ हा शब्द असावा आणि सोडियम क्लोराइड, डेक्स्ट्रोज, रिंगर लॅक्टेट यांपैकी काहीही नसावे. एवढे पाहिल्याशिवाय बाटली घेऊ नये.

तिसरी पायरी : घरातील पाणी वापरणे भाग असेल तेव्हा

डिस्टिल्ड पाणी संपले आहे, रविवार आहे, दुकान बंद आहे, अशी वेळ प्रत्येकावर येते. त्या वेळी घरात काय काय असते आणि त्यातील काय चालते, ते वर सांगितलेल्या दोन प्रश्नांनी तपासू.

घरचा आरओ विरघळलेल्या क्षारांपैकी बहुतांश भाग काढून टाकतो. परंतु आपल्याकडच्या पुष्कळ यंत्रांत चवीसाठी टीडीएस वाढवणारा पेच किंवा खनिजे मिसळणारे काडतूस बसवलेले असते. म्हणून आरओचे पाणीही मीटरने मोजावे. ५० च्या आत आकडा असेल तर थोड्या दिवसांसाठी क्षारांची फारशी चिंता नाही. जंतूंचे मात्र सांगता येत नाही, कारण गाळलेले पाणी यंत्राच्या टाकीत साचते आणि ती टाकी कितीदा धुतली जाते हे घरोघरी वेगळे असते. नुसत्या यूव्ही यंत्राचे उलट आहे. ते जंतू मारते, पण क्षार जसेच्या तसे ठेवते. पाणी मृदू करणारे सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालते, त्यामुळे साबणाला फेस येतो पण मागे उरणारे क्षार कमी होत नाहीत. तुरटी, कँडल आणि कापडी गाळणी मुख्यतः गढूळपणा घालवतात, विरघळलेले क्षार नाही.

उकळण्याने जंतू मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळण्याचा नियम आहे, पण आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाईच १६४६ मीटर असल्यामुळे महाराष्ट्रात कोठेही एक मिनिटच धरावे. क्षारांच्या बाबतीत उकळण्याचा उपयोग अर्धामुर्धा आहे. जडपणाचा एक भाग, ज्याला तात्पुरता जडपणा म्हणतात, उकळल्यावर पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसतो. उरलेले क्षार पाण्यातच राहतात आणि काही पाणी उडून गेल्यामुळे किंचित दाटही होतात. म्हणून जड पाणी उकळून भागत नाही.

यातून घरगुती तडजोडीचा सर्वांत बरा मार्ग आपोआप निघतो. आरओचे कमी टीडीएसचे पाणी घ्यावे, स्टीलच्या स्वच्छ भांड्यात झाकण ठेवून खळखळून उकळावे, झाकलेलेच निवू द्यावे, तळाचा साका न ढवळता वरचे निवळ पाणी डबीत घालावे आणि २४ तासांत वापरून उरलेले टाकावे. आरओने क्षार घटवले, उकळीने जंतू मारले. मुंबईसारख्या मृदू पाण्याच्या शहरात आरओशिवाय नुसते उकळलेले पाणीही दोन-चार रात्री चालून जाईल. उकळते किंवा गरम पाणी डबीत कधीही ओतू नये. प्लास्टिक वाकते आणि कडेची रबरी पट्टी सैल होते.

बाटलीबंद पाण्यात दोन जाती आहेत, त्या ओळखाव्यात. साधे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, ज्याचे मानक आयएस १४५४३ आहे, ते आरओसारखेच धरावे आणि प्रवासात निर्धास्त वापरावे. नॅचरल मिनरल वॉटर, मानक आयएस १३४२८, हे मुळातच झऱ्याचे, खनिजयुक्त पाणी असते. ते महाग असून डबीसाठी अधिक वाईट आहे. लग्नकार्यात आणि कार्यालयांत येणारे थंड पाण्याचे सुटे जार या दोन्हींत बसत नाहीत आणि त्यांची धुलाई कशी होते हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

घरी डिस्टिल्ड पाणी करता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. येते. चार लिटरची विजेवर चालणारी छोटी यंत्रे मिळतात. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागतेच, त्यामुळे चार लिटरला तीन युनिटांच्या आसपास खर्च धरावा. ज्यांना दुकान दूर आहे आणि जे वर्षानुवर्षे यंत्र वापरणार आहेत त्यांना हा मार्ग परवडतो. त्या यंत्राच्या तळाशी पहिल्या आठवड्यात जो तपकिरी साका दिसतो, तो पाहिल्यावर आपण आजवर डबीत काय घालत होतो याचा उलगडा होतो.

एसीतून ठिबकणारे पाणी मात्र वापरू नये. ते हवेतल्या बाष्पापासून बनते म्हणून डिस्टिल्डच आहे, असा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकला आहे. ते पाणी धुळीने माखलेल्या कॉइलवरून आणि शेवाळ धरलेल्या नळीतून येते. पावसाच्या पाण्याचेही तसेच : क्षार कमी, पण पत्रे, कौले आणि पक्ष्यांची घाण त्यात उतरते.

चौथी पायरी : पाण्यात काहीही मिसळू नका

सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात निलगिरीचे तेल किंवा कापूर घालण्याची आपली जुनी पद्धत आहे. सीपॅपच्या डबीत ती पूर्ण निषिद्ध समजावी. वाफारा आपण पाच-दहा मिनिटे घेतो, हे यंत्र सात-आठ तास दाबाने हवा आत ढकलते. तेलाचे कण श्वासमार्गाला त्रास देतात, प्लास्टिक आणि रबर खराब करतात आणि वास महिनोन्महिने जात नाही. गुलाबपाणी, पुदिन्याचा अर्क, डेटॉलसारखे जंतुनाशक यांपैकी काहीही घालू नये.

पाचवी पायरी : रोजची शिस्त

पाण्याची निवड जितकी महत्त्वाची, तितकेच ते पाणी डबीत किती वेळ राहते हे महत्त्वाचे आहे. उत्तम डिस्टिल्ड पाणी चार दिवस तसेच ठेवून त्यात भर घालत राहणाऱ्यापेक्षा, आरओचे उकळलेले पाणी रोज बदलणारा माणूस अधिक सुरक्षित आहे, असे मी अनुभवाने आणि वाचनाने म्हणेन. न्यूमोनिया घडवणाऱ्या लीजनेलासारखे जंतू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि आपल्या डबीतील कोमट पाणी नेमके याच पट्ट्यात येते.

सकाळी उठल्यावर डबी काढावी, उरलेले पाणी झाडांना घालावे, डबी खळबळून उघडीच, उन्हापासून दूर वाळत ठेवावी. रात्री झोपण्यापूर्वी हात धुऊन नवे पाणी खुणेपर्यंत भरावे, खुणेच्या वर नको. डबी यंत्रावर बसलेली असताना पाणी ओतू नये, कारण सांडलेले पाणी मोटारीपर्यंत पोहोचते. यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली, सपाट जागेवर ठेवावे.

आठवड्यातून एकदा डबी कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून धुवावी. पांढरा थर दिसला तर एक भाग साधे पांढरे व्हिनेगर आणि दहा भाग पाणी या प्रमाणातील मिश्रणात थोडा वेळ भिजवून मग भरपूर पाण्याने धुवावी. तारेच्या काथ्याने घासू नये, चऱ्यांत घाण बसते. गुलाबी किंवा करडा बुळबुळीत थर, कुबट वास, प्लास्टिकला तडे किंवा धुरकटपणा दिसला तर डबी बदलावी. तसे काही नसले तरी साधारण सहा महिन्यांनी डबी तपासून बदलण्याचा विचार करावा. ओझोन किंवा अतिनील किरणांनी ‘आपोआप स्वच्छता’ करणाऱ्या महागड्या उपकरणांच्या मोहात पडू नये. सीपॅपच्या स्वच्छतेसाठी अशा उपकरणांना आपण मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तेथील औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

साठवणीबाबत एक हिशेब. बहुतेक डब्यांत ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी मावते. रोज ३०० मिलिलिटर भरले तर महिन्याला ९ लिटर लागते. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो, पण तो उघडल्यापासून संपायला १६-१७ दिवस लागतात आणि तेवढे दिवस दर रात्री त्याचे झाकण उघडले जाते. म्हणून एक लिटरच्या बाटल्या घेणे मला अधिक योग्य वाटते. एक बाटली तीन रात्रींत संपते. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहावी, ती झाकून फ्रिजमध्ये ठेवावी, बाटलीला तोंड लावू नये आणि डबीत उरलेले पाणी पुन्हा बाटलीत ओतू नये.

सहावी पायरी : ऋतू आणि गाव पाहून पाणी ठरवा

पाणी किती लागेल हे हवेवर अवलंबून असते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की डबी पहाटेपूर्वी रिकामी होऊ शकते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे ह्युमिडिफायर अगदी खालच्या अंकावर ठेवून भागते. थंडीत नाशिककडे किंवा एसीच्या खोलीत नळी गार पडते, वाफेचे पाणी होऊन ते नळीत साचते आणि मास्कमध्ये गुळगुळ आवाज येऊन थेंब नाकाशी येतात. त्या वेळी आर्द्रता एक-दोन अंकांनी कमी करावी, नळीला कापडी वेष्टण घालावे किंवा तापणारी नळी घ्यावी. ह्युमिडिफायर बंद ठेवणार असाल तर डबी रिकामी आणि कोरडी करून ठेवावी. बंद डबीत विसरलेले पाणी सर्वांत घातक.

प्रवासात निघताना डबी पूर्ण रिकामी करूनच यंत्र पिशवीत घालावे. मुक्कामी पोहोचल्यावर सीलबंद पॅकेज्ड पाणी भरावे. काहीच खात्रीचे मिळाले नाही तर त्या रात्री यंत्र पाण्याशिवाय चालवावे. घसा कोरडा पडेल, पण उपचार चुकणार नाही. पाणी नाही म्हणून यंत्रच न लावणे, हे मी प्रवासात अनेकांना करताना पाहिले आहे आणि ते टाळलेच पाहिजे.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर

हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या या यंत्राच्या पाण्याच्या बाटलीची रचना वेगळी असते. तेथे वायू पाण्यातून बुडबुडे काढत जातो आणि बुडबुडे फुटताना सूक्ष्म थेंब उडतात. त्यामुळे सीपॅपला जी घरगुती तडजोड चालते ती तेथे चालवू नये. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले तेव्हा आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सूचनांत ऑक्सिजन देताना ह्युमिडिफायरमध्ये स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरावे असे स्पष्ट म्हटले होते. श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवलेल्या रुग्णांच्या बाबतीतही तेच लागू आहे, कारण नाक आणि घसा यांची नैसर्गिक गाळणी तेथे वगळली जाते.

जाता जाता जलनेतीचा, म्हणजे नाकातून पाणी सोडून ते धुण्याच्या क्रियेचा, उल्लेख करतो, कारण सीपॅप वापरणारे अनेक जण चोंदलेल्या नाकासाठी ती करतात. तेथे पाणी द्रवरूपात थेट नाकात जाते. नळाच्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याने मृत्यू झाल्याची उदाहरणे आहेत, अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये असे दोन मृत्यू नोंदले गेले. जलनेतीसाठी उकळून निववलेले किंवा निर्जंतुक पाणीच घ्यावे, त्यात मीठ घालावे, आणि डबीसाठीची बाटली व नेतीची बाटली वेगळी ठेवावी, म्हणजे मिठाचे पाणी चुकून डबीत जाणार नाही.

रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि आपले यंत्र सोबत न्यायचे असेल, तर डबी कोरडी करून न्यावी. परिचारिकेला ‘ह्युमिडिफायरसाठी स्टराइल वॉटर हवे आहे, सलाईन नको’ असे पहिल्याच संध्याकाळी सांगावे, आणि यंत्रावर तशी चिठ्ठी ठळक अक्षरांत चिकटवून ठेवावी, कारण रात्रपाळीला येणाऱ्या परिचारिकेला आपले आधीचे बोलणे माहीत नसते.